तीन काळे चौकोन, मग एक ठिपका: विश्वातल्या पहिल्या दीर्घिका ओळखतात कशा?

रात्रपाळी (धागाकर्ती)

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी मला ‘आजवरची सर्वांत दूरची दीर्घिका सापडली’ अशी बातमी पाठवतं आणि पाठोपाठ विचारतं, एवढं अंतर मोजलं कसं? बातमीत याचं उत्तर बहुतेक वेळा नसतंच. मला स्वतःला ते कळायला बराच काळ लागला आणि कळल्यापासून या विषयाचा नाद सुटलेला नाही. म्हणून हा धागा.

जेम्स वेब दुर्बिणीच्या मोठ्या सर्वेक्षणांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या आहेत. त्यातल्या एखाद्या दीर्घिकेची नोंद उघडली की एका ओळीत छोटे छोटे चौकोन दिसतात. आकाशाचा तोच इवलासा तुकडा, पण दर चौकोनात वेगळ्या फिल्टरमधून टिपलेला. डावीकडून लहरींची लांबी ०.९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), १.१५, १.५, २, २.७७, ३.५६ आणि शेवटी ४.४४. जवळपासची दीर्घिका असेल तर सातही चौकोनांत कमी-अधिक दिसते. ‘जेड्स-जीएस-झेड१४-०’ या दीर्घिकेची ओळ पाहिली तर पहिले तीन चौकोन काळे. नुसते दाणे. चौथ्यात काहीतरी धूसर, आणि पाचव्यात अचानक ठसठशीत ठिपका.

अंतराचा पहिला पुरावा म्हणजे ते तीन काळे चौकोन.

कोवळे, तापलेले तारे प्रामुख्याने अतिनील प्रकाश फेकतात. त्या काळात दीर्घिकांच्या भोवती आणि मधल्या पोकळीत उदासीन हायड्रोजन भरलेला होता आणि हा वायू ०.१२१६ मायक्रॉनच्या अलीकडचा जवळजवळ सगळा प्रकाश गिळतो. त्यामुळे वर्णपटाला एक कडा पडते. कड्याच्या एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला काही नाही. मग हा प्रकाश निघतो आणि वाटेत विश्व प्रसरण पावत राहतं, तसतशी लहरींची लांबी ताणली जाते. हा ताण ज्या आकड्याने सांगतात ती ताम्रसृती. ताम्रसृती १४ म्हणजे लांबी १५ पट (नेहमी एक मिळवायचा). ०.१२१६ ला १५ ने गुणा, १.८२ मायक्रॉन येतात. म्हणजे कडा १.५ आणि २ मायक्रॉनच्या फिल्टरांच्या मध्ये सरकली. पहिले तीन चौकोन काळे का, ते इथे कळतं.

वेबच्या आधीच्या हबल दुर्बिणीची नजर साधारण १.७ मायक्रॉनला संपते. म्हणून २०१६ साली ‘जीएन-झेड११’ या दीर्घिकेचं अंतर मोजलं तेव्हा हबल आपल्या शेवटच्या पायरीवर उभी होती. त्यापलीकडच्या दीर्घिका तिच्यासाठी सगळ्याच चौकोनांत काळ्या. नुसता आरसा मोठा करून भागणार नव्हतं, नजर अवरक्तात न्यायला हवी होती. २५ डिसेंबर २०२१ ला वेब उडाली ती याचसाठी. साडेसहा मीटरचा आरसा, त्याचे सोन्याचा मुलामा दिलेले १८ षटकोनी तुकडे, आणि मुक्काम पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर.

आता सावधगिरीचा भाग, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काळे चौकोन फसवतात.

२०२२ च्या जुलैमध्ये वेबच्या पहिल्याच प्रतिमांमध्ये ‘सीअर्स-९३३१६’ नावाचा एक ठिपका सापडला. फिल्टरांच्या हिशोबाने त्याची ताम्रसृती १६ च्या वर येत होती, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम २४-२५ कोटी वर्षं. सगळीकडे गाजावाजा झाला. पुढच्या वर्षी त्याचा वर्णपट घेतला तर ताम्रसृती निघाली ४.९. महास्फोटानंतर एक अब्जाहून अधिक वर्षांनंतरची, धुळीने लाल झालेली दीर्घिका. तिच्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या प्रखर रेषा (ठरावीक लहरलांबीलाच उमटणारा उजेड) नेमक्या अशा फिल्टरांत पडल्या होत्या की त्यांच्यामुळे खोटीच कडा तयार झाली. अगदी ४.९ च्या आसपासच हा योग जुळतो, आणि जुळला. पण त्याच निरीक्षणात ‘मेझीची दीर्घिका’ म्हणून ओळखला जाणारा दुसरा ठिपका खरा ठरला, ताम्रसृती ११.४. शोधणाऱ्या गटाच्या प्रमुखाने मुलीच्या वाढदिवशी सापडली म्हणून तिचंच नाव दिलं होतं.

वर्णपट घेण्याची सोयही बघण्यासारखी आहे. वेबवरच्या निअरस्पेक उपकरणात सुमारे अडीच लाख झडपा आहेत, प्रत्येक साधारण ०.१ बाय ०.२ मिलिमीटरची. हव्या त्या ठिपक्यापुढची झडप उघडायची, बाकी बंद ठेवायच्या. शेजारच्या झगझगीत ताऱ्याचा प्रकाश आत येत नाही आणि एका वेळी शंभरेक वस्तूंचे वर्णपट मिळतात.

‘झेड१४-०’ च्या बाबतीत संशोधकही आधी साशंकच होते. ती एका जवळच्या दीर्घिकेच्या अगदी कुशीत दिसते आणि तिच्या अंतराच्या मानाने फारच तेजस्वी आहे. म्हणून आधी आणखी फिल्टरांतून प्रतिमा घेतल्या, मग जानेवारी २०२४ मध्ये जवळजवळ दहा तास वर्णपट. कडा जिथे हवी तिथेच होती. ताम्रसृती १४.३२, महास्फोटानंतर सुमारे २९ कोटी वर्षं. आणि ठिपका म्हटलं तरी ती अगदी बिंदू नाही, तिचा पसारा सोळाशे प्रकाशवर्षांहून मोठा आहे. म्हणजे उजेड एखाद्या कृष्णविवराभोवतालचा नसून बव्हंशी ताऱ्यांचा आहे. तिच्यातल्या ताऱ्यांचं वस्तुमान पन्नास कोटींच्या आसपास सूर्यांएवढं भरतं, तेही विश्वाच्या आजच्या वयाचा जेमतेम दोन टक्के काळ लोटला असताना.

माझं मत इथेच मांडते. या दुर्बिणींनी महास्फोटाचा सिद्धांत मोडलेला नाही. वायूचे तारे किती झपाट्याने होतात याचा आपला अंदाज चुकला होता, तो उघडा पडला. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. शंका, दुरुस्त्या, विरोध, सगळ्याचं स्वागत.

---

सोनसळी

फार सुंदर लिहिलंय, एका दमात वाचलं. ‘कडा’ पहिल्यांदाच नीट कळली.

एक शंका. वेबला एवढं थंड का ठेवावं लागतं? अवरक्त पाहण्याशी त्याचा संबंध आहे एवढं माहीत आहे, त्यापुढे नाही.

---

रात्रपाळी

सोनसळी, मनापासून धन्यवाद.

कोणतीही ऊबदार वस्तू स्वतःच अवरक्तात चमकते. दुर्बीण खोलीच्या तापमानाला असती तर आरसा, सांगाडा, उपकरणं सगळंच तिच्या नजरेत लख्ख दिसलं असतं. भर दुपारी चांदणं शोधण्यासारखं. म्हणून पाच पदरी छत्री, टेनिस कोर्टाएवढी. तिच्या सावलीत आरसा उणे २२० अंश सेल्सिअसच्याही खाली राहतो. मिरी नावाचं उपकरण त्याहून लांब लहरी पाहतं, त्याला सावली पुरत नाही. ते वेगळ्या शीतयंत्राने ७ केल्विनच्या खाली ठेवलेलं आहे, म्हणजे उणे २६६ अंश.

---

जुना_वाचक

धागा उत्तम आहे, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये सहा अवाढव्य दीर्घिकांचा शोधनिबंध आला होता. महास्फोटानंतर ५० ते ७० कोटी वर्षांत आपल्या आकाशगंगेच्या तोडीचं ताऱ्यांचं वस्तुमान. ‘विश्व मोडणाऱ्या’ असं त्यांना म्हणत होते. एवढ्या थोड्या वेळात एवढे तारे जमतच नाहीत म्हणतात. मग सिद्धांत मोडला नाही हे कशाच्या बळावर म्हणता?

---

रात्रपाळी

जुना_वाचक, प्रश्न रास्त आहे. तो निबंध मीही तेव्हा वाचला होता आणि रात्रभर डोक्यात घोळत राहिला होता.

आधी हे बघू की सिद्धांत नेमकं काय बांधून देतो. कृष्णद्रव्याचे (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाचे) गोळे कधी, किती आणि केवढे तयार होतात याचं गणित पक्कं आहे, त्यात फारशी पळवाट नाही. तारे ज्यापासून होतात तो साधा पदार्थ एकूण पदार्थाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका. म्हणजे एखाद्या गोळ्यात जास्तीत जास्त किती तारे होऊ शकतील याची वरची मर्यादा ठरली. सगळ्याच्या सगळ्या वायूचे तारे झाले तरी त्यापुढे जाता येत नाही. प्रत्यक्षात आजच्या विश्वात फार तर एक पंचमांश वायूचे तारे झालेले दिसतात, बहुतेक ठिकाणी त्याहून कितीतरी कमी. त्या सहा दीर्घिका या वरच्या मर्यादेला जाऊन टेकत होत्या. म्हणून खळबळ.

पण ती वस्तुमानं फिल्टरांवरून काढलेली होती, वर्णपटावरून नव्हे. उजेड सगळा ताऱ्यांचा आहे असं धरलं तरच तेवढे तारे लागतात. पुढे त्यातल्या एकीचा वर्णपट मिळाला तर ती ताम्रसृती ५.६ वर, आणि मधोमध भक्षण करणारं कृष्णविवर. उजेडातला काही वाटा त्याचा होता. २०२४ मध्ये असल्या, कृष्णविवरामुळे उजळ दिसणाऱ्या लाल ठिपक्यांना वेगळं काढून पुन्हा मोजणी झाली. उरलेल्या दीर्घिका सिद्धांताच्या मर्यादेत बसल्या.

मात्र त्याच मोजणीत मोठ्या दीर्घिकांची संख्या अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट राहिली. याहून मागे, ताम्रसृती १० च्या पलीकडे गेलं की तेजस्वी दीर्घिकांचा सुकाळ आणखी ठळक होतो. तो खराच आहे आणि वर्णपटांनी पक्का झालेला आहे. तो का, यावर आज तीन-चार विचार आहेत. मला सर्वांत पटतो तो असा. एरवी तारे जन्मले की त्यातले जड तारे काही दशलक्ष वर्षांत फुटतात आणि उरलेला वायू उधळून लावतात, म्हणून ताऱ्यांचा जन्म रेंगाळतो. सुरुवातीच्या विश्वात वायू इतका दाट होता की ढग कोसळून तारे व्हायला दहा लाख वर्षंच पुरत होती. पहिला स्फोट व्हायच्या आत वायू वापरून संपलेला!

दुसरा विचार असा की ताऱ्यांचा जन्म संथ धारेने न होता उसळ्या मारत होत होता. आपल्या डोळ्यांत भरतात त्या नेमक्या उसळीवर असलेल्या दीर्घिका. तिसरा, त्या काळी धूळ इतकी विरळ होती की उजेड अडतच नव्हता. आणि हेही शक्य आहे की तेव्हाचे तारे सरासरीने अधिक जड, म्हणून अधिक झगझगीत होते. यातला नेमका वाटा कोणाचा किती, यावर वाद चालू आहे. पण चौघांतला एकही विचार विश्वाच्या वयाला किंवा प्रसरणाला हात लावत नाही, म्हणून मी वरचं वाक्य लिहिलं.

---

जुना_वाचक

वरच्या मर्यादेचा मुद्दा मला माहीत नव्हता. त्या निबंधाची बातमी वाचली होती, पुढच्या मोजणीची कधी वाचनात आली नाही. पटलं.

---

गणितवेडी

थोडी भर घालते, कारण ‘किती दूर’ या शब्दांत दरवेळी गोंधळ होतो.

‘झेड१४-०’ चा प्रकाश सुमारे साडेतेरा अब्ज वर्षं प्रवास करत आला. म्हणून तिचं अंतर साडेतेरा अब्ज प्रकाशवर्षं असं बातमीत छापतात. पण वाटेत विश्व प्रसरण पावत राहिलं, त्यामुळे ती आज जिथे असेल ते ठिकाण ३३ अब्ज प्रकाशवर्षांच्याही पलीकडे आहे. आणि मला थरारून टाकणारा आकडा तिसराच. प्रकाश निघाला तेव्हा सगळी अंतरं आजच्या पंधराव्या हिश्शाइतकी होती. ३३-३४ ला १५ ने भागा. ती तेव्हा आपल्या जागेपासून फक्त सव्वादोन अब्ज प्रकाशवर्षं दूर होती! प्रकाश आपल्या दिशेने निघाला आणि मधली जागाच इतक्या वेगाने वाढत गेली की पोचायला साडेतेरा अब्ज वर्षं लागली.

आकाशातला तिचा आकारही त्या ‘तेव्हाच्या’ अंतरावरून ठरतो. सोळाशे प्रकाशवर्षं भागिले सव्वादोन अब्ज प्रकाशवर्षं, कोन येतो साधारण ०.१५ कोनीय सेकंद (एका अंशाचे ३६०० सेकंद). वेब एवढा कोन पाहू शकते, म्हणूनच ती ठिपका नाही हे सांगता आलं. एका ठरावीक अंतरापलीकडे वस्तू लहान दिसायच्या थांबून उलट मोठ्या दिसू लागतात ते याचमुळे. फक्त त्या भयंकर अंधुक होत जातात.

---

सोनसळी

गणितवेडी, तो सव्वादोन अब्जांचा आकडा वाचून मी जागची हलले नाही काही वेळ.

---

कृत्तिका_सहा

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. रात्रपाळीताई, तुम्ही ताऱ्यांच्या बाजूचं छान समजावलंत, पण मला वाटतं खरा पेच कृष्णविवरांचा आहे आणि धाग्यात तो निसटता आलाय.

‘जीएन-झेड११’ घ्या. ताम्रसृती १०.६, महास्फोटानंतर सुमारे ४३ कोटी वर्षं. तिच्या मध्यात साधारण १६ लाख सूर्यांएवढं कृष्णविवर असल्याचा निबंध २०२४ मध्ये आला. आता हिशोब करू. एखादा जड तारा मेला आणि १०० सूर्यांचं कृष्णविवर मागे राहिलं असं धरा. गिळताना पडणाऱ्या वायूचाच प्रकाश नव्या वायूला मागे ढकलतो, त्यामुळे भक्षणाला वेगमर्यादा आहे. त्या मर्यादेवर अखंड खात राहिलं तरी दुप्पट व्हायला साधारण साडेतीन कोटी वर्षं लागतात. १०० वरून १६ लाखांवर जायला १४ वेळा दुप्पट व्हावं लागेल. चौदा गुणिले साडेतीन कोटी, ४९ कोटी वर्षं. विश्वाचंच वय तेव्हा ४३ कोटी, आणि त्यातही पहिले तारे पेटायला सुरुवातीची काही कोटी वर्षं गेलेली.

म्हणजे एक तर मर्यादा मोडून खाल्लं, नाही तर सुरुवातच मोठ्या बीजापासून झाली. दुसरी शक्यता मला अधिक भावते. वायूचा प्रचंड ढग मधल्या ताऱ्याच्या अवस्थेत न रेंगाळता थेट कोसळतो आणि दहा हजार ते एक लाख सूर्यांचं कृष्णविवर एकदमच जन्मतं. येल विद्यापीठातल्या प्रियंवदा नटराजन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना बरीच आधी मांडून, अशा बीजापासून वाढलेली दीर्घिका वेबला कशी दिसेल याचं भाकीतही २०१७ मध्ये केलं होतं. कृष्णविवराचं वस्तुमान आणि भोवतालच्या ताऱ्यांचं वस्तुमान जवळजवळ सारखं, हे तिचं लक्षण. (आज आपल्या आसपास मध्यवर्ती कृष्णविवर ताऱ्यांच्या हजारांश असतं.) २०२३ मध्ये ‘यूएचझेड१’ सापडली. वेबने दीर्घिका पाहिली, चंद्रा वेधशाळेने तिथलीच क्ष-किरणं टिपली, मध्ये अबेल २७४४ हा दीर्घिकांचा पुंजका भिंगासारखा उभा. महास्फोटानंतर ४७ कोटी वर्षं, आणि लक्षण तेच.

शिवाय ते ‘छोटे लाल ठिपके’. वेबच्या खोल प्रतिमांत शेकड्यांनी सापडलेत, विश्वाच्या पहिल्या दीड अब्ज वर्षांत गर्दी आणि नंतर जवळजवळ नाहीसे. वर्णपटात कृष्णविवराची खूण असणाऱ्या रुंद रेषा, पण क्ष-किरणं बहुतेकांत दिसत नाहीत. दाट वायूच्या कोषात गुंडाळलेलं कृष्णविवर असावं असा सध्याचा रोख आहे. असं काही आजच्या विश्वात फारच क्वचित सापडतं. माझ्या मते वेबचा सर्वांत मोठा शोध म्हणून पुढे यांचंच नाव घेतलं जाईल, दूरच्या दीर्घिकांचं नाही.

---

रात्रपाळी

कृत्तिका_सहा, तुमचा चौदा दुपटींचा हिशोब मी मूळ लेखात घालायला हवा होता, इतका तो नेमका आहे. सर्वांत मोठा शोध कोणता यावर मी अजून दीर्घिकांच्याच बाजूने, पण लाल ठिपक्यांनी मला खरंच अस्वस्थ केलंय. जी वस्तू एका काळात सर्वत्र होती आणि मग जवळजवळ उरलीच नाही, तिचं पुढे काय झालं हा प्रश्न पिच्छा सोडत नाही.

---

लघुलहरी

सगळे उजेडाबद्दल बोलताहेत, म्हणून रेडिओच्या बाजूने थोडं.

पहिले तारे पेटले तेव्हा भोवती मुख्यतः हायड्रोजन होता. या हायड्रोजनची स्वतःची रेडिओ खूण आहे, १४२० मेगाहर्ट्झ, म्हणजे २१ सेंटिमीटर. ताम्रसृती १७ वरून आली तर ती ७९ मेगाहर्ट्झला पोचते, एफएम रेडिओच्या थोडं खाली. इथे एकेक दीर्घिका शोधायची गरज नाही. सगळ्या ताऱ्यांनी मिळून हायड्रोजनवर जो परिणाम केला तो थेट ऐकायचा.

रात्रपाळींनी पडताळणीचा मुद्दा मांडला तो आमच्याकडेही घडलाय. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘एजेस’ प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झला अशी खाच, म्हणजे तेवढ्याच भागात रेडिओ संकेतात पडलेली घट, सापडल्याचं जाहीर केलं. पण ती कोणत्याही गणितापेक्षा दुपटीहून खोल होती. कृष्णद्रव्याचे नवे गुणधर्म सुचवणारे निबंध धडाधड आले. मग बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या गटाने ‘सारस-३’ ही अँटेना पाण्यावर तरंगत ठेवली, कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावात आणि शरावतीच्या बॅकवॉटरमध्ये. पाण्यावरच का? जमिनीखाली ओल, खडक, मातीचे थर असतात, त्यांच्यावरून परतणाऱ्या लहरी नेमकी अशीच खोटी खाच पाडू शकतात. खोल पाणी सगळीकडे सारखं. २०२२ मध्ये त्यांचा निकाल आला: एजेसने सांगितलेली खाच तिथे नाही.

मला हा प्रयोग अतिशय आवडतो. आकाशातून येणारा आपल्याच आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट या खुणेहून हजारो पटींनी मोठा असतो, आणि त्यातून हे शोधायचं. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियात ‘स्का-लो’ ही रेडिओ दुर्बीण उभी राहतेय, १,३१,०७२ अँटेना. त्यातून नुसती खाच नव्हे, तर तारे पेटत गेले तसे हायड्रोजनमध्ये पडत गेलेले बुडबुडे चित्रासारखे पाहता येतील अशी आशा आहे.

---

मधली_सुट्टी

सगळं वाचतेय, सगळं कळतंय असं नाही, पण सोडवत नाही. दोन प्रश्न. १) ‘अलकनंदा’ नावाच्या दीर्घिकेबद्दल ऐकलं, ती यात कुठे बसते? २) माझ्यासारख्या साध्या माणसाला यात हातभार लावता येतो का?

---

गणितवेडी

पहिल्याचं उत्तर मी देते. राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये ती वेबच्या प्रतिमांत शोधली. काळ महास्फोटानंतर दीड अब्ज वर्षं, म्हणजे या धाग्यातल्या बाकीच्या दीर्घिकांच्या मानाने बरीच अलीकडची. नवल तिच्या आकाराचं आहे. सुमारे ३०,००० प्रकाशवर्षांची नीटस चकती आणि दोन रेखीव सर्पिल भुजा. त्या काळातल्या दीर्घिका ढेकळांसारख्या, खळबळलेल्या असतील असा समज होता. चकती थंडावून तिच्यात भुजा उमटायला बराच निवांतपणा लागतो, आणि एवढ्या लवकर तो कुठून मिळाला? शिवाय ती वर्षाला साधारण ६० सूर्यांइतके तारे घडवत होती. आपल्या आकाशगंगेत आज हा वेग वर्षाला एक-दोन सूर्य एवढाच आहे.

रात्रपाळीताईंच्या ‘झपाट्याने’ या शब्दाला दुसऱ्या टोकाकडून आलेला हा पुरावाच म्हणायचा.

---

रात्रपाळी

मधली_सुट्टी, दुसऱ्याचं माझ्याकडून. हो, लावता येतो. ‘गॅलेक्सी झू’ हा प्रकल्प २००७ पासून चालू आहे. दीर्घिकेचं चित्र समोर येतं आणि साधे प्रश्न विचारले जातात: गुळगुळीत आहे की चकती दिसते, भुजा आहेत का, दोन दीर्घिका एकमेकींत मिसळताहेत का? आता त्यात वेबच्या ‘कॉसमॉस-वेब’ सर्वेक्षणातल्या दीर्घिकाही आहेत. या सर्वेक्षणाला दुर्बिणीचे २५५ तास दिले गेले आणि २०२५ मध्ये त्याची जवळजवळ आठ लाख दीर्घिकांची यादी खुली झाली. भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. डोळे आणि चिकाटी पुरते.

पहिले काही दिवस सगळं सारखंच दिसेल. दोनेकशे चित्रांनंतर मलाही कॅमेऱ्यातला दोष आणि खरी दीर्घिका यांतला फरक दिसायला लागला. ताऱ्याभोवती सहा टोकांची चांदणी दिसली तर तो षटकोनी आरशांचा ठसा, दीर्घिकेचा नव्हे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, बघून बघून कळलं.

---

अश्मंत

उत्तम धागा, उशिरा पोचलो. एक दुरुस्ती सुचवतो. मूळ लेखात ‘झेड१४-०’ ची ताम्रसृती १४.३२ दिलीय. तो वेबच्या वर्णपटातला पहिला आकडा. मार्च २०२५ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तिच्यात ऑक्सिजनची रेषा सापडली, त्यावरून आकडा १४.१८ ठरला. शिवाय सर्वांत दूरच्या दीर्घिकेचा मानही आता तिच्याकडे नाही, ‘मॉम-झेड१४’ ताम्रसृती १४.४४ वर आहे, सुमारे २८ कोटी वर्षं.

---

रात्रपाळी

अश्मंत, अगदी बरोबर, आणि मनापासून आभार. मूळ लेखातला आकडा पुसत नाही. खाली तुमची दुरुस्ती जोडते, म्हणजे बदल कसा झाला तेही वाचणाऱ्याला दिसेल.

फरक का पडला ते सांगण्यासारखं आहे. मी ‘कडा’ म्हटलं खरं, पण ती सुरीने कापल्यासारखी नसते. दीर्घिकेच्या आत आणि भोवती उदासीन हायड्रोजन दाट असला की तो कड्याच्या पलीकडचाही थोडा प्रकाश खातो आणि कडा घसरणीसारखी होते. ती घसरण नेमकी कुठे सुरू झाली हे ठरवताना चूक शिरते. इथे हायड्रोजन अंदाजापेक्षा जास्त निघाला, म्हणून कडा पुढे सरकलेली भासली. ऑक्सिजनची रेषा तशी नाही. ती ठराविक लांबीलाच उमटते, ८८ मायक्रॉनला, आणि ताणली जाऊन १.३ मिलिमीटरच्या आसपास आल्माच्या ६६ अँटेनांना मिळते. किती ताणली तेवढं मोजलं की झालं. १४.३२ आणि १४.१८ मधला फरक वेळेच्या भाषेत चाळीस लाख वर्षांच्या आसपास येतो.

आणि त्या रेषेत आकड्याहूनही मोठी गोष्ट आहे. महास्फोटात ऑक्सिजन तयार झाला नव्हता, तो ताऱ्यांच्या पोटात शिजतो. तो त्या दीर्घिकेत दिसतो, तोही अपेक्षेच्या सुमारे दहापट, याचा अर्थ आपल्याला दिसणाऱ्या ताऱ्यांच्या आधी तिथे जड ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, फुटून, विरून गेली होती. त्यांचा स्वतःचा प्रकाश अजून कुणाच्याच चौकोनात आलेला नाही.

---

सोनसळी

म्हणजे ते तारे २९ कोटींच्याही किती आधीचे?

---

रात्रपाळी

जड तारे काही दशलक्ष वर्षंच जगतात, त्यामुळे फार आधीचे असायलाच हवेत असं नाही. पण वेबने मिरीतून हीच दीर्घिका ७.७ मायक्रॉनला पाहिली तेव्हा ती अपेक्षेहून उजळ दिसली, आणि त्याचा मोठा वाटा हायड्रोजन-ऑक्सिजनच्या रेषांचा निघाला. त्यावरूनही एवढंच सांगता येतं की तारे घडण्याचं काम तिथे आधीपासून चालू होतं. पहिल्या पिढीचे, ज्यांच्यात हायड्रोजन आणि हेलियमखेरीज जवळजवळ काहीच नव्हतं असे तारे शोधायचे तर ऑक्सिजनची रेषा अजिबात नाही आणि हेलियमची मात्र प्रखर, असा वर्णपट हवा. चिलीत ३९ मीटर आरशाची ‘ईएलटी’ उभी राहतेय, ७९८ तुकड्यांचा आरसा. हेलियमच्या त्या रेषेसाठी तिच्यावर अनेकांचे डोळे लागलेत, माझेही.